बॅटरीच्या ट्रेखाली गंज, पत्रा कितपत वाचेल?

मिऱ्याकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, पहिल्यापासून रत्नागिरीतच. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी शेडखाली उभी असते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरी पूड साठते, काढली तरी महिन्या-दोन महिन्यांत परत येते. गॅरेजवाला दर सर्व्हिसिंगला किटलीभर गरम पाणी ओततो, ब्रश मारतो, ग्रीस फासतो आणि बोनट बंद.

या खेपेला बॅटरीच बदलायला घेतली. जुनी उचलली तर खालचा प्लॅस्टिकचा ट्रे ठीकठाक, पण तो ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसतो त्याचा रंग फुगलेला. बोटाने दाबला तर फुगा फुटला आणि आतून तपकिरी पाणी आलं. ब्रॅकेटचा मागचा पाय जिथे एप्रनला (इंजिनच्या कप्प्याच्या बाजूच्या पत्र्याला) जोडलाय, तिथे स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. बाकी गाडीला गंज नाही. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सगळं शाबूत.

पेंटर म्हणाला, "काही नाही साहेब, घासतो, पुट्टी भरतो, वर काळा अंडरकोट मारतो. दिसणारसुद्धा नाही." दिसणार नाही याचीच तर भीती वाटते.

हा गंज खाऱ्या हवेचा की बॅटरीचा? तोवर गाडी चालवावी का? आणि काम करायचं तर नेमकं काय करून घ्यायचं?

दहा नंबर पाना

खाऱ्या हवेचा असता तर बॅटरीखाली गाठून बसला नसता. दारं, कमानी, बोनटची कड आधी गेली असती. तुम्हीच लिहिलंय की बाकी गाडी शाबूत आहे. म्हणजे हे ॲसिडचं काम. खारी हवा नंतर मदतीला आली असेल.

आता तीन गोष्टी सांगा.

१) जुनी बॅटरी पाणी घालायची होती की मेंटेनन्स-फ्री? घालायची असेल तर पाणी कोण घालत होतं, आणि कुठवर?

२) मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना आणि चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट दिसतात?

३) क्लॅम्प कसा होता? ढिला, की कुणी जीव खाऊन आवळलेला?

नवीन बॅटरी बसवायची घाई करू नका. कारण तसंच राहिलं तर ती पण तिथेच ओकणार.

फोडणीचा भात

कोल्ड्रिंक ओता की राव. कोला. आमचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं तेच करतो, टर्मिनल चकचकीत.

दहा नंबर पाना

@फोडणीचा भात, कोला स्वतःच आंबट. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, म्हणून पूड सुटते हे खरं. पण ॲसिड धुवायला ॲसिड आणि वर साखरेचा चिकटा. खाली ट्रेत काय जमतंय ते ड्रायव्हरने कधी बघितलंय का विचारा.

गरम पाण्याचीही तीच गत. पूड विरघळते, टर्मिनल स्वच्छ दिसतं. विरघळलेलं सगळं जातं कुठे? बॅटरीच्या अंगावरून खाली ट्रेत, ट्रेच्या भोकातून ब्रॅकेटवर, तिथून एप्रनच्या सांध्यात. वरची घाण काढून खालच्या पत्र्याला पाजायची, असा तो कार्यक्रम असतो. बॅटरी जागेवर ठेवून टर्मिनल धूच नये या मताचा मी आहे.

जास्वंद

शाळेत रसायनशास्त्र शिकवते, गाडीतलं कळत नाही, पण या पुडीतलं कळतं म्हणून लिहिते.

बॅटरीतलं ॲसिड म्हणजे पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. पूर्ण चार्ज असताना वजनाने साधारण ३५ ते ३८ टक्के. ते सांडलं की लोकांना वाटतं उन्हात वाळून जाईल. वाळतं ते पाणी. ॲसिड उडून जात नाही, उलट मागे राहिलेला थेंब जास्त तीव्र होतो. शिवाय हवेतली ओल ते स्वतःकडे ओढतं, त्यामुळे कोकणच्या हवेत तो डाग कधी पुरता कोरडा होतच नाही.

रंगावरून पण बरंच कळतं. पांढरी पूड मुख्यतः शिशाचं सल्फेट, म्हणजे टर्मिनलच्या खांबाचं. निळी-हिरवी म्हणजे मोरचूद, तांब्याचं सल्फेट, वायरच्या टोकातलं तांबं खाल्लं जातंय याची खूण. ब्रॅकेटवर फिकट हिरवट किंवा पिवळट तपकिरी थर दिसला तर ते लोखंडाचं सल्फेट.

हे शेवटचं सगळ्यात चिवट. ते हवेतल्या ऑक्सिजन आणि पाण्याने बदलतं तेव्हा गंज तर होतोच, पण त्यातलं ॲसिड पुन्हा मोकळं होतं. ते पुढचं लोखंड खातं, पुन्हा सल्फेट, पुन्हा ॲसिड. म्हणून थेंबभर ॲसिड हातभर पत्रा पोखरू शकतं. पेंटरने त्यावर पुट्टी आणि अंडरकोट मारला तर हे चक्र झाकणाखाली निवांत चालू राहील.

उपाय खायचा सोडा. पापडखार किंवा कॉस्टिक नको, ते तीव्र असतात, आसपासच्या ॲल्युमिनियमला आणि तुमच्या हातांना बाधतील. लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे सोडा. ओतला की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. फेस थांबला म्हणजे ॲसिड संपलं असं मात्र लगेच समजू नका. पृष्ठभागावरचं संपलेलं असतं, सांध्यातलं नाही. थांबा, परत ओता. शेवटी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, कारण सोड्याचे क्षार रंगाखाली राहिले तर ते पण ओल धरतात आणि रंग फुगतो.

खात्री करायला लिटमस नसेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंगीत पाणी काढा. सांध्यात टिपलेला कापूस त्यात बुडवा. गडद गुलाबी झाला तर ॲसिड शिल्लक, हिरवट झाला तर सोडा शिल्लक.

फोडणीचा भात

आयडीला जागलात मॅडम. _/\_

कोल्ड्रिंक मागे घेतो.

मिऱ्याकर

@दहा नंबर पाना, उत्तरं देतो. बॅटरी पाणी घालायची होती, सहा झाकणांची. पाणी गॅरेजवालाच घालायचा, गळ्यापर्यंत. क्लॅम्प ठीक होता. नवीन बॅटरी तात्पुरती जोडून व्होल्ट बघितले: इंजिन बंद असताना १२.६, चालू करून रेस दिल्यावर १५.१. दिवे लावले तरी १५ च्या खाली येत नाही.

@जास्वंद ताई, परडीभर जास्वंदी दारात आहेत. करून बघतो.

दहा नंबर पाना

सापडलं. १५.१ फार झाले. साध्या बॅटरीला चार्जिंग १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. त्याच्या वर गेलं की आतल्या पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे झाकणातून निघतात आणि सोबत ॲसिडचे बारीक तुषार घेऊन येतात. त्यात पाणी गळ्यापर्यंत! पातळी वरच्या खुणेपर्यंतच ठेवतात, कारण गरम झालं की आतलं द्रव फुगतं आणि बुडबुड्यांना जागा लागते. जागा नाही मिळाली तर ॲसिड सरळ बाहेर. मग पाणी कमी झालं म्हणून गॅरेजवाला परत गळ्यापर्यंत भरणार. काही वर्षं असं चाललं तर ब्रॅकेटची चाळण होणारच.

वायरमनकडे जा, अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासायला सांगा. (अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा, जुने लोक डायनामो म्हणतील. त्याचे व्होल्ट आवरतो तो रेग्युलेटर.) अख्खा अल्टरनेटर बदलायच्या आधी त्याच्या मागचा कनेक्टर उघडून बघायला लावा. काही गाड्यांत बॅटरीचा व्होल्टेज ओळखायची वेगळी बारीक वायर असते. ती हिरवी पडली असली की रेग्युलेटरला वाटतं बॅटरी उपाशी आहे आणि तो देत सुटतो. तसं असेल तर एका पिनवर काम भागतं.

एक सूचना बाकीच्यांसाठी. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. तिथे व्होल्टेज कधी १२.७, कधी १४.९ दिसू शकतं आणि ते बरोबर असतं. एका आकड्यावरून घाबरू नका, वेगवेगळ्या वेळी बघा. २०१२ च्या साध्या हॅचबॅकमध्ये सतत १५.१ म्हणजे मात्र बिघाडच.

मांडवीकाठ

खाऱ्या हवेला इतकं निर्दोष सोडू नका. आमच्या पणजीत गाड्यांचे अर्थिंगचे बोल्ट ॲसिडशिवायच गंजतात. आणि काचेखालची ती जाळी, वायपर जिथे असतात, तिथे आंब्याची-फणसाची पानं कुजून भोक बुजतं. मग पावसाचं पाणी भलत्या वाटेने बॅटरीवर टिपकत राहतं. पावसाळ्याआधी ती जाळी काढून पानं उपसा, बाटलीने पाणी ओतून बघा कुठून बाहेर पडतंय.

अजून एक, उंदीर. बॅटरीच्या आडोशाला घरटं करतात. त्यांचं मूतही पत्र्याला चांगलं नाही आणि वायरिंगला तर नाहीच.

पत्रेवाला

धागा आजच बघितला. कोल्हापुरात डेंटिंगचं काम करतो, उद्यमनगरच्या बाजूला. या विषयावर जरा सविस्तर लिहितो, कारण "घासून काळं मारतो" वाल्यांनी आमच्या धंद्याचं नाव खराब केलंय.

आधी हे ठरवा की गंज कुठल्या जातीचा आहे. रंग खरवडल्यावर खाली लालसर पावडर आणि तिच्याखाली टणक पत्रा, तर वरचा गंज, घासून भागतं. खरवडल्यावर खारीचे पापुद्रे निघावेत तसे थर निघायला लागले तर पत्रा अर्धा गेलाय. आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर तिथे पत्रा नाहीच, रंग उभा आहे. तुमच्याकडे एकाच ब्रॅकेटवर तिन्ही असणार. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. टणटण वाजतंय तोवर पत्रा आहे, थबथब वाजलं की तिथे खूण करा.

मग खाली वाका आणि ब्रॅकेट कशाला जोडलाय ते बघा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा ब्रॅकेट एप्रनला स्पॉट-वेल्ड केलेला असतो आणि त्याच्या बरोबर खालून चेसिस लेग जातो, इंजिनच्या दोन्ही बाजूंना पुढे जाणारी ती चौकोनी नळी. ब्रॅकेट गेला तर फार बिघडत नाही, तो नवा बनवता येतो. एप्रनला भोक पडलं तर पत्रा लावता येतो. लेग खाल्ला गेला असेल तर विषय वेगळा. अपघातात मार झेलायचं काम तोच करतो, आणि इंजिनचा भारही तिकडेच असतो. तिथे पुट्टी, फायबर, एम-सील असलं काही भरणाऱ्याला दारात उभं करू नका. लेग पोकळ असतो. आतून काय झालंय ते बघायला दोन-तीन हजारांचा मोबाईलला जोडायचा कॅमेरा मिळतो, भोकातून आत घालून बघा.

काम असं करून घ्या. बॅटरी, ट्रे, एअर फिल्टरचा डबा, जवळचं वायरिंग बाहेर. ताईंनी सांगितलं तसं सोड्याने धुणं, हे पेंटरवर सोडू नका, घरीच करून न्या. ब्रॅकेटचे स्पॉट ड्रिलने काढून तो पूर्ण वेगळा करायचा. तो तिथेच ठेवून पॅच मारला तर ब्रॅकेट आणि एप्रन यांच्या मधल्या फटीत जे आहे ते तसंच राहतं, आणि खरा रोग त्या फटीतच असतो. सडलेला भाग कापताना चांगला पत्रा दिसेपर्यंत कापायचा, कड कागदासारखी पातळ लागली की अजून पुढे. एप्रनला २० गेजचा पत्रा चालतो, ब्रॅकेटला १८ गेज. जोड सीओटू वेल्डिंगने, टाके टाके देत, एका दमात ओढत नाही. गॅस वेल्डिंग करतो म्हणाला तर नको म्हणा. त्याची आंच लांबवर पसरते, पत्रा वाकडा होतो आणि लेगच्या जवळ असेल तर त्या पोलादाची ताकद उतरते.

वेल्डिंगच्या आधी अल्टरनेटरचा आणि ईसीएमचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टर काढलाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा.

रंगाबद्दल: नुसता रेड ऑक्साइड नको. तो ग्रिलला ठीक आहे. इथे दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात, मध्ये वाळायला वेळ. सांध्यांवर सीम सीलर. मग गाडीचा रंग आणि क्लिअर. लेगच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स.

आणि महत्त्वाचं. चेसिस नंबर कुठे कोरलाय ते आधी शोधा. काही गाड्यांत तो एप्रनच्याच आसपास असतो. तिथे ग्राइंडर फिरला तर पुन्हा नोंदणीच्या वेळी आरटीओत पेन्सिलचा छाप उमटणार नाही, आणि मग जे शुक्लकाष्ठ लागतं ते गंजापेक्षा वाईट. तुमची गाडी २०१२ ची, म्हणजे पंधरा वर्षं भरायला फार अवकाश नाही.

दहा नंबर पाना

क्या बात है. वाचनखूण साठवली.

एक शंका: झिंकचा स्प्रे मिळतो, कोल्ड गॅल्व्हनायझिंगवाला. इपॉक्सीऐवजी तो?

पत्रेवाला

दाराच्या खाली, चाकाच्या कमानीत बेष्ट. बॅटरीखाली उघडा नको. जस्ताला ॲसिड लोखंडापेक्षा लवकर खातं. मारायचाच तर त्याच्यावर इपॉक्सीचा पूर्ण थर हवा, मग झिंकचा हट्ट कशाला?

रस्ट कन्व्हर्टर पण मिळतात, लावले की गंज काळा पडतो. घट्ट बसलेल्या पातळ गंजाला चांगले. सुट्या पापुद्र्यांवर लावून उपयोग शून्य, आणि आधी सोड्याने ॲसिड संपवलेलं नसेल तर तोही शून्य.

जास्वंद

काळा पडतो ते टॅनिक ॲसिडमुळे. लोखंडाचं टॅनेट तयार होतं. काही कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक असतं, त्याने फॉस्फेटचा थर बसतो. जुन्या शाईत हिराकस (लोखंडाचं सल्फेटच) आणि हिरड्याचं पाणी असायचं, त्यातली काळी छटा याच प्रकारची. विषयांतराबद्दल क्षमस्व.

लेकसाइड मिशिगन

डेट्रॉइटजवळ असतो. इकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या खालून वर सडतात, ब्रेकच्या नळ्या आधी जातात. तरी बॅटरीच्या ट्रेचा गंज इथेही वेगळा ओळखू येतो, तो वरून खाली जातो. दिशा बघितली तरी निदान होतं.

जुन्या बीटलचा शौक आहे. तिची बॅटरी मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला. जुनी बीटल विकत घेणारा माणूस आधी सीट उचलून तिथली जमीन बघतो, कारण फ्लोअरचा तो कोपरा हमखास खाल्लेला असतो. शिवाय बॅटरीवर झाकण नसेल तर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून आग लागू शकते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत "झाकण आहे का" हा पहिला प्रश्न.

निवांत निगेटिव्ह

सगळं छान चाललंय, पण घरी हे करायला निघालेल्यांसाठी कुणीच सुरक्षिततेचं लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, की शॉर्ट. पाना लाल होतो, वितळतोही. हातातली अंगठी, कडं, मंगळसूत्र, साखळी, घड्याळ काढून ठेवा.

बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. चार्जिंगवरून काढलेल्या बॅटरीवर लगेच काम नको. बिडी-सिगरेट लांब. चष्मा हवाच, गॉगल नव्हे, बाजूंनी बंद असलेला चष्मा. रबरी हातमोजे. डोळ्यात थेंब गेला तर सोडा-बिडा काही नाही, साधं पाणी, निदान पंधरा मिनिटं, आणि थेट डॉक्टर.

पांढऱ्या पुडीत शिसं आहे. कोरडी खरवडून उडवू नका, ओली करून काढा. ते कपडे घरच्या धुण्यात नकोत. लहान मुलं जवळ नकोत.

सोड्याचं पाणी ओतताना जुन्या बॅटरीची झाकणं घट्ट बंद. आत गेलं तर बॅटरीचं ॲसिडच मारलं जाईल. खरं तर बॅटरी बाहेर काढूनच धुवा, तिला वेगळी, ट्रेला वेगळं, पत्र्याला वेगळं.

साधा सरळ

मला व्हॅसलीनचा एक वाद मिटवून हवाय. टर्मिनल बसवायच्या आधी लावायचं की नंतर? आमच्या सोसायटीत दोन गट आहेत.

दहा नंबर पाना

नंतर. खांब आणि लग (वायरच्या टोकाची, खांबावर बसणारी कडी) दोन्ही कोरडे, ब्रशने उजळलेले, शिसं शिशाला भिडलेलं. नट आवळला की मग वरून बाहेरून लेप, हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून. व्हॅसलीन वीज वाहून नेत नाही, तिचं काम फक्त झाकायचं. उन्हाळ्यात बोनटखाली ती पातळ होऊन ओघळते हे मात्र खरं, म्हणून अधूनमधून परत लावावी लागते. टर्मिनलसाठीचा मेणासारखा स्प्रे मिळतो, तो जास्त टिकतो.

नट किती आवळायचा यावर पण बोला कुणीतरी. लग हाताने फिरत नाही इतकाच. लोक झोका देऊन आवळतात, खांबाच्या बुडाशी जिथे तो प्लॅस्टिकमधून वर येतो तिथलं सील तडकतं, आणि मग त्या बारीक चिरेतून ॲसिड आपोआप वर चढत राहतं. नवीन बॅटरीवर एकाच टर्मिनलला पूड येत असेल आणि चार्जिंग बरोबर असेल तर तिथे बघा. सील गेलेलं असेल तर लेप लावून काही होत नाही, वॉरंटीत बदलून घ्या.

साधा सरळ

"नंतर" गट जिंकला. आज वॉचमनला चहा माझ्याकडून.

मिऱ्याकर

झालं काम. वृत्तांत देतो.

वायरमनने आधी कनेक्टर बघितला, तो ठीक होता. रेग्युलेटरच गेलेला. नवीन बसवला, आता दिवे-एसी बंद असताना १४.३, सगळं चालू करून १४.०.

धुणं घरी केलं. पत्र्यावर सोडा ओतला तर फेस आला आणि विरला, सगळं शांत. म्हटलं झालं. पण ब्रॅकेटचा मागचा पाय एप्रनला जिथे टेकतो त्या रेषेतून बारीक बुडबुडे येतच राहिले, एका ओळीत, पिन टोचल्यासारख्या जागांतून. सोडा ओतायचो, थांबायचे, चहा पिऊन आलो की कापूस परत गुलाबी. जास्वंदीच्या पाण्याने लबाडी पकडली म्हणायची. ताईंचे आभार.

ब्रॅकेट काढल्यावर त्या पायाच्या आतल्या बाजूला पत्रा असा नव्हताच. पिवळट ओला चिखल, आणि त्यात रंगाची उभी सालं. एप्रनला तळहाताएवढी जागा कापावी लागली. लेगवरचा रंग उडालेला, पण मुठीने ठोकलं तर टणटणीत, कॅमेऱ्याने आतूनही बघितला, कारखान्याचा रंग दिसतोय. एवढं वाचलं.

पेंटर बदलला. दुसऱ्याकडे सीओटू होतं, इपॉक्सीचं नाव काढल्यावर तो खुश झाला, म्हणाला गिऱ्हाईक स्वतः मागतंय असं होत नाही. चेसिस नंबर काऊलवर (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर) निघाला, कामापासून लांब.

अजून एक सापडलं. पॉझिटिव्हच्या वायरचं रबर थोडं सोलून बघितलं तर आतलं तांबं वीतभर हिरवं-काळं. ती केबलच बदलली. तुम्ही कुणी हे सांगितलं नव्हतं म्हणून लिहितोय. :)

निवांत निगेटिव्ह

उत्तम. आता अर्थिंगची पण परीक्षा घ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (लगवर नव्हे, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. बोल्टखालचा रंग घासून धातू उघडा करायचा, घट्ट बसवायचा आणि मग वरून लेप.

मिऱ्याकर

०.३५. बोल्ट काढला, खाली रंगावरच बसवलेला होता, कडेने गंज. घासून बसवल्यावर ०.१ च्या आसपास.

धुतलेलं पाणी बादलीत साठवलंय, त्याचं काय करू? आई म्हणते नारळाच्या मुळाशी ओत, सोडाच तर आहे.

जास्वंद

नको! त्यात शिसं आहे. आईंना सांगा, नारळ काही म्हणणार नाही पण विहीर जवळ असेल. पहिलं पाणी आणि खरवडलेली पूड घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरा आणि जुन्या बॅटरीबरोबर विक्रेत्याकडे द्या. घेत नसेल तर नगरपरिषदेत घातक कचरा कुठे घेतात ते विचारा.

दहा नंबर पाना

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये नव्याने आले, २००१ चे गेले. नवी विकणाऱ्यांच्या साखळीतूनच जुनी परत जावी, शिसं नोंदणीकृत कारखान्यात वितळावं, अशी व्यवस्था आहे. जुनीचे पैसे नवीनच्या बिलात कापूनच मिळतात, मग गल्लीत कुऱ्हाडीने फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याला कशाला द्यायची?

साधा सरळ

धागा वर आणतोय. माझ्या गाडीत बॅटरी मागे डिकीत आहे, स्टेपनीच्या बाजूला. तिथे पण हेच सगळं लागू का? डिकीत पूड-बिड काही दिसत नाही, पण स्टेपनीच्या खोलगट भागात थोडं पाणी आढळलं.

पत्रेवाला

पाणी आधी शोधा. मागच्या दिव्याचं किंवा डिकीच्या दाराचं रबर गेलेलं असतं, बॅटरीशी संबंध नसेलही. कापूस आणि जास्वंद आहेच की, पाणी तपासून घ्या.

दहा नंबर पाना

आणि बॅटरीच्या बाजूला बारीक नळी जोडलीय का बघा. डिकीतल्या बॅटरीला वायू बाहेर सोडायला नळी असते, ती फ्लोअरमधल्या भोकातून खाली जाते. बॅटरी बदलताना लोक ती जोडायची विसरतात किंवा दुसऱ्या टोकाला भोक असलेली बॅटरी आणतात. बॅटरीला दोन्ही बाजूंना भोकं असतील तर एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला बूच हवं. बूच नवीन बॅटरीच्या पिशवीत येतं, वायरमनला विचारा कुठे टाकलं ते.

साधा सरळ

नळी लोंबकळतेय. बूच हातमोज्यांच्या कप्प्यात, पिशवीसकट.